यादी उद्याची, घड्याळ कालचे

टीव्हीचे चित्र हलू लागले की त्याच्या पाठीवर एक थाप द्यायची, ही पद्धत तुमच्या आईवडिलांच्या लहानपणी घरोघर होती. कधी कधी चित्र खरोखरच स्थिर होई. पण बिघाड कोठे होता हे थाप देणाऱ्याला कळत नसे, आणि दोन दिवसांनी पुन्हा थाप द्यावी लागे. संगणकाच्या बाबतीत हीच थाप आता निराळ्या रूपात दिली जाते. बंद करून पुन्हा सुरू करा. तेवढ्याने भागले नाही तर सगळे पुसून नव्याने टाका! अशीच एक थाप आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिली जाणार होती. ती थोडक्यात टळली. त्याची ही हकिकत आहे.

आमच्या प्रयोगशाळेत बारा संगणक आहेत आणि ते सर्व लिनक्सवर चालतात. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. त्याभोवती उपयुक्त सॉफ्टवेअर गोळा करून अनेक संच तयार झाले. डेबियन हा संच १९९३ सालचा, आणि त्यावरून बेतलेला उबंटू २००४ सालचा. आमच्याकडे उबंटूची २४.०४ ही आवृत्ती आहे. हा आकडा म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. आवृत्ती केव्हा निघाली हे तिच्या नावातच असते.

आता लिनक्सचे सॉफ्टवेअर अद्ययावत कसे होते ते पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. इंटरनेटवर सॉफ्टवेअरची मोठमोठी भांडारे असतात. त्यांतील प्रत्येक गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. तुमचा संगणक एकदम पॅकेज मागत नाही. तो आधी भांडाराची ताजी यादी मागवतो. कोणते पॅकेज आहे, त्याची कितवी आवृत्ती आहे, ते किती मोठे आहे, हे सारे त्या यादीवरून त्याला कळते. मग आपल्याजवळ काय आहे याच्याशी ती यादी ताडून तो हवे तेवढेच आणतो. उबंटूत यादी आणण्याची आज्ञा ‘ॲप्ट अपडेट’ आणि नव्या आवृत्त्या बसविण्याची ‘ॲप्ट अपग्रेड’ अशी आहे. दोन्हींच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लावावा लागतो. मी या संगणकाचा कारभारी आहे, असे त्याने सांगायचे. (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरे वापरायची.)

पण मध्येच कोणी खोटी यादी हातात ठेवली तर? त्यासाठी केलेली योजना तुम्हाला परिचयाची वाटेल. दहावीच्या परीक्षेला प्रश्नपत्रिकांचे पाकीट मोहोरबंद येते. मोहोर शाबूत आहे ना, हे पाहूनच ते उघडतात. भांडाराच्या यादीवरही अशी मोहोर असते. ती लाखेची नसून गणिताची असते, आणि तिला डिजिटल स्वाक्षरी म्हणतात. भांडाराचे चालक आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने ती करतात आणि तुमच्या संगणकात आधीच असलेल्या जाहीर किल्लीने ती तपासता येते. यादीत प्रत्येक फाईलचा एक ठसाही नोंदलेला असतो. शा-२५६ या पद्धतीने काढलेला हा ठसा ६४ अक्षरांचा असतो. फाईल कितीही मोठी असो, तिच्यातील एखादे अक्षर बदलले तरी सबंध ठसा बदलतो. तेव्हा मोहोर यादीची हमी देते आणि यादी प्रत्येक पॅकेजची.

एवढ्याने काम भागले असे वाटेल. पण समजा, कोणी लबाडाने गेल्या वर्षीचे पाकीट जपून ठेवले आणि तेच यंदा दिले. मोहोर अगदी खरी, पण प्रश्नपत्रिका जुनी! कोणी पाठवले एवढेच मोहोर सांगते. पाकीट ताजे आहे की नाही, हे त्यासाठी तारीख वाचून ठरवावे लागते. ज्या आवृत्तीतील दोष आता जगाला माहीत झाला आहे, तीच आवृत्ती जुन्या यादीच्या आधारे कोणी आपल्या गळ्यात मारू शकते. म्हणून यादीवर ती केव्हा बनवली याची तारीख असते. काही भांडारांत, उदाहरणार्थ डेबियनच्या सुरक्षा-भांडारात, ती कोठवर ग्राह्य धरावी याची मुदतही असते. संगणक ही तारीख स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. हे घड्याळ ध्यानात ठेवा.

२०२५ सालची दिवाळीची सुटी लागायच्या आधी, शुक्रवारी १७ ऑक्टोबरला, दुपारी चार-चाळीसच्या सुमारास प्रयोगशाळेचा मुख्य स्विच बंद केला गेला. सोमवारी १० नोव्हेंबरला सकाळी साडेदहाला तो पुन्हा चालू झाला. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना आलेख काढण्याचे एक नवे सॉफ्टवेअर हवे होते. नऊ संगणकांवर ते पाच मिनिटांत बसले. तीन मात्र अडून बसले. खिडकीत नुसते ‘अद्ययावत करता आले नाही’ असे येई आणि पॅकेज मागितले तर ‘फाईल सापडत नाही’ असे उत्तर मिळे. त्यातून, या तिघांवर काही संकेतस्थळे उघडत आणि काही उघडत नसत. ‘आज नेटच धड नाही,’ असा निर्णय होऊन गेला.

तास संपायच्या आत सॉफ्टवेअर बसवायचे होते. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, या तिन्ही मशीन पुसून नव्याने उबंटू टाकू का? तासाभराचे काम आहे.’ त्यांतल्याच एका संगणकावर एका गटाची सहा आठवड्यांची, सौर विद्युत्‌घटाच्या प्रकल्पाची निरीक्षणे होती आणि त्यांची दुसरी प्रत कोणीही काढलेली नव्हती. मी नको म्हटले. त्यावर दुसऱ्याने आणखी सोपा उपाय सुचविला. तारखेची तपासणीच बंद करण्याची एक ओळ त्याला कोठेतरी मिळाली होती.

तो उपाय चालला असता, यात शंका नाही. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तांब्याची तार घातली तरी दिवे लागतातच. मी त्यांना एवढेच म्हटले, की आधी तक्रार काय आहे ती पुरती वाचू या.

खिडकी बंद करून आम्ही टर्मिनल उघडले आणि यादी मागविण्याची आज्ञा हाताने दिली. खिडकी तक्रारीचे सार तेवढे सांगते, टर्मिनल मात्र सारे बोलून दाखवते. आलेले इंग्रजी वाक्य एका विद्यार्थिनीने वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. मराठीत ते असे होईल: ‘या भांडाराची यादी अजून वैध झालेली नाही, आणखी २३ दिवस १४ तास २० मिनिटे ती अवैध राहील. या भांडारातील बदल लागू केले जाणार नाहीत.’

अजून वैध झालेली नाही! संगणक यादीला खोटी म्हणत नव्हता, जुनीही म्हणत नव्हता. ती भविष्यकाळातील आहे, असे त्याचे म्हणणे होते. आणखी एक गोष्ट त्या विद्यार्थिनीच्या लक्षात आली, आणि मला ती फार आवडली. तक्रार सगळ्याच याद्यांबद्दल नव्हती. उबंटू २४.०४ ची मूळ यादी संगणकाने निमूट स्वीकारली होती. नंतरच्या सुधारणांच्या आणि सुरक्षेच्या याद्या तेवढ्या नाकारल्या होत्या. मूळ यादी एप्रिल २०२४ मध्ये बनली आणि मग बदललेली नाही. बाकीच्या याद्या मात्र सतत नव्याने बनतात.

भौतिकशास्त्रात दोन मापे जुळत नाहीत तेव्हा आपण काय विचारतो? चूक वस्तूत आहे की मोजपट्टीत? तीच यादी शेजारच्या नऊ संगणकांना चालत होती, तेव्हा यादीत खोट नव्हती. तारा त्याच, नेट तेच. उरली मोजपट्टी, म्हणजे या तिघांचे घड्याळ. ते पडद्याच्या माथ्यावर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते: १७ ऑक्टोबर, १६ वाजून ५२ मिनिटे. सकाळच्या पावणेअकराला! बारा विद्यार्थी आणि एक अध्यापक त्या आकड्यांखाली काम करीत होते, पण एकानेही वर पाहिले नव्हते. वर्ष बरोबर, महिनाही ओळखीचा. त्यामुळे नजर अडलीच नाही.

येथे एक छोटे गणित करून पाहा. १७ ऑक्टोबरच्या १६.५२ मध्ये २३ दिवस १४ तास २० मिनिटे मिळवली की १० नोव्हेंबरची सकाळचे ७ वाजून १२ मिनिटे ही वेळ येते. यादी त्या वेळी बनलेली होती. खरी वेळ १०.४२ होती; म्हणजे घड्याळ प्रत्यक्षात २३ दिवस १७ तास ५० मिनिटे मागे होते. तक्रारीतील आकडा ही घड्याळाची सबंध चूक नव्हे. चूक निदान एवढी तरी आहे, असे ती सांगते. आणि २३ दिवस १७ तास ५० मिनिटे म्हणजे मुख्य स्विच बंद असल्याचा काळ, बरोबर तेवढाच!

संकेतस्थळांचे कोडेही यातच सुटले. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर ते केव्हापासून केव्हापर्यंत ग्राह्य आहे ते लिहिलेले असते. ज्यांनी १७ ऑक्टोबरनंतर नवे प्रमाणपत्र घेतले होते, ती स्थळे या तीन संगणकांना ‘अजून सुरू न झालेली’ वाटत होती. बाकीची खुशाल उघडत होती. ‘फाईल सापडत नाही’ याचा अर्थही सरळ होता. जुन्या यादीवर विसंबून संगणक जी आवृत्ती मागत होता, ती सुटीच्या काळात भांडारातून निघून तिच्या जागी नवी आली होती. एकाच कारणाने तीन वेगळाल्या तक्रारी उभ्या राहिल्या होत्या.

घड्याळ मागे का पडले? संगणक बंद असतानाही वेळ मोजणारे एक छोटे मंडल त्यात असते. त्यात मनगटी घड्याळात असतो तसाच क्वार्ट्‌झचा स्फटिक असून तो सेकंदाला ३२,७६८ आंदोलने करतो. ही संख्या विचित्र वाटते, पण ती २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मे करीत गेले की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. संगणकाला विजेचा पुरवठा असेपर्यंत हे मंडल त्यावर चालते. मुख्य स्विच बंद झाला की नाण्याएवढ्या लिथियमच्या विद्युत्‌घटावर. या घटावर २०३२ हा आकडा असतो, त्याचा अर्थ व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. नवा घट ३ व्होल्टचा असतो आणि त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास विद्युत्‌भार असतो. मंडल ४ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे समजा. २,२०,००० ला ४ ने भागले की ५५,००० तास, म्हणजे सहा वर्षांहून थोडे अधिक. आमचे संगणक २०१९ सालचे!

मात्र येथे एक अडचण उभी राहते. घट संपला तर घड्याळ कारखान्यातील मूळ तारखेवर, कित्येक वर्षे मागे जायला हवे. ते नेमके १७ ऑक्टोबरच्या दुपारी का थांबले? याचे कारण लिनक्सची एक सोय. चालू असताना तो दर मिनिटाला वेळेची नोंद तबकडीवर करून ठेवतो. सुरू होताना हातातील घड्याळ त्या नोंदीहूनही मागे दिसले, तर ते निदान नोंदीइतके पुढे घेतो. सोय चांगली, पण तिच्यामुळेच आमची चूक झाकली गेली. घड्याळाने २०१९ साल दाखवले असते तर ते पहिल्या मिनिटातच कोणाच्याही ध्यानात आले असते.

केवळ तर्कावर थांबायचे नाही म्हणून आम्ही एक प्रयोग केला. तिघांपैकी एका संगणकाचे घड्याळ टर्मिनलवरून आज्ञा देऊन बरोबर लावले. यादी लगेच स्वीकारली गेली आणि सॉफ्टवेअर बसले. मग तो संगणक आणि शेजारचा एक चांगला संगणक, दोन्ही रीतसर बंद केले आणि त्यांचे प्लग पंधरा मिनिटे काढून ठेवले. पुन्हा सुरू केल्यावर चांगल्याचे घड्याळ बरोबर होते. दुसऱ्याचे सुमारे पंधरा मिनिटे मागे! पेटी उघडून घट बाहेर काढला. मल्टिमीटरवर तो १.९ व्होल्ट भरला. दुकानातून आणलेला नवा ३.२ भरला.

एवढे सगळे झाल्यावर आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सारे कॉलेज मामा म्हणते, ते शांतपणे म्हणाले, ‘या तिघांवर सकाळी काहीतरी इंग्रजी वाक्य येत होतं. एफ-वन दाबलं की जातं.’ ते वाक्य अर्थातच घट संपल्याचे होते. मामांना दोष देण्यात अर्थ नाही. दाबले की जाणारी वाक्ये आपण सगळेच न वाचता दाबतो.

तरी एक प्रश्न उरतोच. संगणकाचे घड्याळ आजकाल नेटवरून आपोआप जुळते. मग हे का जुळले नाही? ही व्यवस्था डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडली. आपला संगणक दूरच्या वेळ-केंद्राला विचारणा करतो. विचारणा निघाल्याची, पोचल्याची, उत्तर निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळा घेऊन वाटेत गेलेला काळ वजा करतो. आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने राखते आणि तीही नेटवरून मिळू शकते. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दिली की घड्याळ असे जुळलेले आहे किंवा नाही ते कळते. आम्ही ती बाराही संगणकांवर दिली. बाराही ठिकाणी उत्तर आले: ‘नाही’!

महाविद्यालयाच्या जाळ्यात सुरक्षेसाठी जी दारे बंद केलेली होती, त्यांत वेळेची विचारणा ज्यातून जाते ते १२३ क्रमांकाचे दारही बंद होते. किती दिवसांपासून, ते कोणाला सांगता येईना. चांगल्या नऊ संगणकांची घड्याळेही दोन ते सात मिनिटे चुकलेली होती. स्फटिकाच्या घड्याळात दहा लाखांत वीस एवढी चूक सहज असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट. आम्ही वर्षभर त्या घड्याळांवर विसंबून निरीक्षणांच्या वेळा नोंदवीत होतो, आणि तिकडे कोणाचे लक्षच नव्हते. यादीची तपासणी त्या दिवशी बंद केली असती तर हे आम्हाला कधीच कळले नसते. दार उघडून देण्याची विनंती केली आणि दोन दिवसांत ते उघडले.

अद्ययावत करताना येणाऱ्या इतर तक्रारी तुलनेने सरळ असतात. ‘कुलूप मिळाले नाही’ असे वाक्य आले तर दुसरे कोणी आधीच बसवाबसवी करीत आहे, असे समजावे. उबंटू सुरू झाल्यावर स्वतःच गुपचूप सुरक्षेच्या सुधारणा घेतो, तेव्हा हे हमखास घडते. दहा मिनिटे थांबावे. कुलपाची फाईल पुसून टाकण्याचा सल्ला मिळेल, पण तो ऐकू नये; एकाच वहीत दोघांनी एकदम लिहिले तर वहीचे काय होते ते तुम्ही जाणता. बसवाबसवी चालू असताना वीज गेली तर काम अर्धवट राहते. मग पुढच्या वेळी संगणक स्वतःच सांगतो की अमुक आज्ञा देऊन आधी ते पुरे करा. ती ‘डीपीकेजी’ने सुरू होणारी आज्ञा आहे तशी द्यावी, म्हणजे झाले. ‘जागा उरली नाही’ असे आले तर ‘डीएफ’ या आज्ञेने कोणता कप्पा भरला ते पाहावे. पुष्कळदा जुने गाभे साठून राहिलेले असतात आणि ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने ते निघतात. ठसा जुळत नसेल, तर बहुधा भांडाराची नक्कल त्या क्षणी अर्धीच झालेली असते. तासाभराने पुन्हा प्रयत्न करावा. आणि याद्याच सापडत नसतील तर आपली आवृत्ती किती जुनी आहे ते पाहावे. दर दोन वर्षांच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या उबंटूला पाच वर्षे नेहमीचा आधार मिळतो, मधल्या आवृत्त्यांना अवघे नऊ महिने. आधार संपल्यावर या मधल्या आवृत्त्यांच्या याद्या जुन्यांच्या निराळ्या भांडारात हलवतात.

यांपैकी कोणत्याही वेळी एकदम दोन उपाय मात्र करू नका. दोन्ही केल्यावर काम झाले, तर कशाने झाले हे सांगता येणार नाही.

आता शाळेत करून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगतो. सुटीनंतर प्रयोगशाळा उघडेल त्या दिवशी, नेटची तार जोडण्यापूर्वी, प्रत्येक संगणकाचे घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक सेकंदांपर्यंत लिहून काढा. त्याला बंद काळाच्या दिवसांनी भागा. पावणेदोन सेकंदांच्या आसपासचे आकडे स्फटिकाचे. त्याहून फार मोठा आकडा आला तर शिक्षकांना सांगून, प्लग काढून, पेटी उघडा. आम्ही प्रत्येक पेटीवर घट बदलल्याची तारीख चिकटवली आहे. त्या सकाळी घड्याळ लावण्यापूर्वी साठवलेल्या चार फाईलींवर मात्र १७ ऑक्टोबर हीच तारीख पडली होती. त्या १० नोव्हेंबरच्या आहेत, हे त्या विद्यार्थिनीच्या वहीवरून सिद्ध करता आले.